चॅनेल आयलंड्स राष्ट्रीय उद्यान: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यापासून तासाभराच्या बोटप्रवासावर असूनही इथे गाडी, दुकान, हॉटेल यातलं काहीच नाही. त्यामुळे येणारे प्रश्नही इतर उद्यानांपेक्षा वेगळे असतात. पुन्हा पुन्हा विचारले जाणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. आधी अगदी प्राथमिक, मग कयाक (वल्ह्यांनी चालवायची अरुंद होडी), स्वतःची बोट आणि नियमांमधले अपवाद.

चॅनेल आयलंड्स म्हणजे नेमकी किती बेटं? कुणी पाच म्हणतं, कुणी आठ.

दोन्ही बरोबर आहे. दक्षिण कॅलिफोर्नियासमोरच्या या द्वीपसमूहात आठ बेटं आहेत. त्यांपैकी पाच राष्ट्रीय उद्यानात येतात: अनाकापा, सांता क्रूझ, सांता रोझा, सॅन मिगेल आणि सांता बार्बरा. अनाकापा आणि सांता बार्बरा या बेटांना 1938 मध्येच राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा मिळाला होता. पाच बेटांचं राष्ट्रीय उद्यान 5 मार्च 1980 रोजी झालं. प्रत्येक बेटाभोवतीचा एक सागरी मैल समुद्रही उद्यानाच्या हद्दीत आहे.

सांता बार्बरा शहर आणि सांता बार्बरा बेट यांची गल्लत होते. बेट शहरासमोर नाही, बरंच दक्षिणेला एकटं पडलेलं आहे.

प्रवेश शुल्क किती? बुकिंग कशाचं आधी करायचं?

प्रवेश शुल्क नाही. खर्च होतो तो बोटीच्या तिकिटावर, आणि मुक्काम करणार असाल तर तंबूच्या जागेवर.

क्रम मात्र चुकवू नका: आधी बोट, मग तंबूची जागा. तंबूच्या जागा रिक्रिएशन डॉट गव्ह या संकेतस्थळावर सहा महिने आधीपासून मिळतात, म्हणून लोक उत्साहाने त्या घेऊन ठेवतात. नंतर कळतं की त्या तारखेला त्या बेटावर बोटच जात नाही, किंवा जाताना जागा आहे पण परतीची बोट भरली आहे. सांता क्रूझ आणि अनाकापाला वर्षभर बोटी जातात. लांबच्या बेटांच्या फेऱ्या मोजक्या आणि हंगामी असतात. जाण्याची आणि येण्याची दोन्ही तिकिटं हातात आल्यावरच जागा घ्या.

बोट कुठून सुटते आणि किती वेळ लागतो?

उद्यानाने प्रवासी वाहतुकीचं काम आयलंड पॅकर्स या कंपनीला दिलेलं आहे. बहुतेक फेऱ्या व्हेंचुरा बंदरातून सुटतात, अनाकापाच्या काही ऑक्सनार्डहून. दोन्ही बंदरं जवळजवळ असल्याने गोंधळ होतो आणि बोट चुकते, म्हणून तिकिटावरचं बंदराचं नाव आदल्या रात्री एकदा वाचा. अनाकापा किंवा सांता क्रूझच्या स्कॉर्पियन अँकरेजला पोहोचायला साधारण एक तास, सांता रोझाला अडीच ते तीन, सॅन मिगेलला तीन ते चार तास. वाटेत देवमासा किंवा डॉल्फिनचा कळप दिसला तर कप्तान बोट थांबवतो, त्यामुळे घड्याळ लावून परतीचे बेत आखू नका.

सांता रोझाला कॅमारिलोहून लहान विमानानेही जाता येतं. सांता बार्बरा बेटाचा धक्का वादळांनी मोडला होता. तिथे सध्या उतरता येतं का, हे ठरवण्याआधी उद्यानाच्या सूचना पाहा.

पहिल्यांदाच जातोय. कोणतं बेट निवडू?

सांता क्रूझ, आणि तिथलं स्कॉर्पियन. धक्क्यावर उतरलात की सपाट चाल, प्यायला पाणी, निलगिरीची सावली, खोकड दिसण्याची जवळजवळ खात्री, आणि अर्ध्या तासाच्या फेरफटक्यापासून दिवसभराच्या पायपिटीपर्यंत सगळ्या वाटा. कॅव्हर्न पॉइंटची फेरी दोनेक मैलांची आहे आणि कड्यावरून दिसणारा समुद्र तिथे पहिल्याच दिवशी भेटतो. पोटॅटो हार्बर जाऊन-येऊन सुमारे पाच मैल, स्मगलर्स कोव्ह साडेसात-आठ मैल. दिवसाच्या फेरीत स्मगलर्स कोव्हला जाणार असाल तर परतीच्या बोटीची वेळ आधी मोजा. चढ वाटतो त्यापेक्षा जास्त आहे.

अनाकापा लहान आणि विलक्षण देखणं आहे, पण तिथे एकही झाड नाही, पाणी नाही, आणि उतरायचं म्हणजे हलत्या बोटीतून लोखंडी शिडी धरून वर, मग 157 पायऱ्या. इन्स्पिरेशन पॉइंटवरून अनाकापाच्याच पुढच्या दोन तुकड्यांची कण्यासारखी रांग दिसते. दीपगृह 1932 सालचं आहे. त्याच्या भोंग्याच्या आवाजाने कानांना इजा होऊ शकते, म्हणून इशाऱ्याच्या पाटीपुढे जाऊ नका.

सांता रोझा आणि सॅन मिगेल दुसऱ्या-तिसऱ्या भेटीसाठी ठेवा. तिथला वारा हा वेगळाच विषय आहे.

मला बोट लागते. काय करू?

गोळी बोट सुटल्यावर घेऊन उपयोग नाही. पोट हलायला लागल्यावर ती नीट शोषली जात नाही. कोणती गोळी हे डॉक्टरांना विचारा आणि पाकिटावर सांगितलेल्या वेळेनुसार आधी घ्या. काहींचा परिणाम यायला तास-दीड तास लागतो. रिकाम्या पोटीही जाऊ नका आणि तेलकट खाऊनही नको. बोटीत मागच्या बाजूला, मध्यभागी, उघड्यावर उभे राहा आणि क्षितिजाकडे पाहा. फोनमध्ये डोकं घालणं आणि आत बंद केबिनमध्ये बसणं, या दोन गोष्टींनी हमखास त्रास वाढतो.

सकाळी समुद्र सहसा शांत असतो, दुपारी वायव्येचा वारा चढतो. निवड असेल तर सकाळची पहिली बोट घ्या.

कोणत्या महिन्यात जावं?

काय पाहायचं त्यावर आहे. डोंगर हिरवे आणि रानफुलं हवी असतील तर फेब्रुवारी ते एप्रिल, तेही पाऊस झाला असेल तर. अनाकापावर कोरिऑप्सिसची पिवळी फुलं याच दिवसांत फुलतात. ग्रे व्हेल डिसेंबरअखेरपासून मार्च-एप्रिलपर्यंत, ब्लू आणि हंपबॅक व्हेल उन्हाळ्यात. पोहायला आणि पाण्याखाली पाहायला ऑगस्ट ते ऑक्टोबर. त्या वेळी पाणी त्यातल्या त्यात उबदार आणि स्वच्छ असतं. मे-जूनमध्ये धुकं दिवसच्या दिवस हटत नाही.

एप्रिल ते ऑगस्ट अनाकापावर हजारो कुरव पक्ष्यांची वीण चालते. पिल्लं पायवाटेच्या कडेलाच असतात. पाहायला हा काळ अप्रतिम आहे, मात्र वास आणि कलकलाट रात्रभर असतो आणि वरून शिंतोडेही येतात. टोपी घाला, ती नंतर धुता येईल अशी असू द्या, आणि झोप हवी असेल तर कानात घालायचे बोळे न्या.

तंबूच्या जागा कशा आहेत? सामान किती लांब न्यावं लागतं?

सामान न्यायला कुणी मिळत नाही, म्हणून अंतर महत्त्वाचं:

- स्कॉर्पियन (सांता क्रूझ): 31 जागा, सुमारे अर्धा मैल, सपाट.
- अनाकापा: 7 जागा, अर्धा मैल, त्यात 157 पायऱ्या.
- सांता रोझा, वॉटर कॅनियन: 15 जागा, धक्क्यापासून दीड मैल सपाट. विमानपट्टीपासून पाव मैल.
- सॅन मिगेल: 9 जागा, एक मैल, खडा चढ. सुरुवात वाळूतून.
- डेल नॉर्टे (सांता क्रूझ, आतल्या भागात): 4 जागा, प्रिझनर्स हार्बरपासून साडेतीन मैल.

संडास आणि टेबल आहे, अंघोळीची सोय नाही. सांता रोझा आणि सॅन मिगेलला वारा अडवणारे लाकडी आडोसे आहेत, आणि ते शोभेचे नाहीत. तिथे तंबूच्या काड्या वाकतात आणि खुंट्या उपटल्या जातात. उंच घुमटाचा मोठा तंबू नेऊ नका, बुटका आणि चारही बाजूंनी दोऱ्या ताणता येणारा न्या. तंबू उभारण्याआधी आत सामान टाका. रिकामा तंबू सोडून फिरायला गेलात तर तो समुद्रात सापडतो.

प्यायचं पाणी मिळतं का?

फक्त स्कॉर्पियन आणि वॉटर कॅनियन या दोन ठिकाणी. अनाकापा, सॅन मिगेल, सांता बार्बरा बेट आणि डेल नॉर्टे इथे थेंबही नाही. स्वयंपाकासह माणशी दिवसाला चार लिटर धरा. दोघांचा दोन रात्रींचा, म्हणजे तीन दिवसांचा मुक्काम अनाकापावर केलात तर 24 लिटर, म्हणजे 24 किलो फक्त पाणी, आणि ते 157 पायऱ्या चढवायचं. एका मोठ्या कॅनऐवजी चार-पाच लिटरचे लहान कॅन घ्या. बोटीतून शिडीवर सामान हातोहात वर दिलं जातं, तिथे जड कॅन कुणाच्या तरी पायावर पडतो.

शेकोटी पेटवता येईल? कोळशाची शेगडी?

दोन्ही नाही. फक्त बंदिस्त गॅस स्टोव्ह चालतो. वाळलेलं गवत आणि सततचा वारा असताना ठिणगी कुठे जाईल सांगता येत नाही, आणि बेटावर अग्निशमन दल धावत येत नाही. गॅसचा डबा मुख्य बॅगेच्या तळाशी कोंबू नका. बोटीवर इंधन वेगळं दाखवावं लागतं. विमानाने सांता रोझाला जाणार असाल तर इंधन नेता येईल का, हे विमान कंपनीला आधी विचारा.

खोकडं खरंच बॅगेची चेन उघडतात?

हो. आणि डोमकावळे त्याहून सफाईने उघडतात. स्कॉर्पियनला प्रत्येक जागेवर खाणं ठेवायची पेटी आहे. खाणंच नाही, टूथपेस्ट, सनस्क्रीन, कचऱ्याची पिशवी, वास येणारं सगळं त्यात ठेवा. दोन मिनिटांसाठी टेबलावर ठेवलेली बॅगसुद्धा पुरते. पेटी नसेल तिथे घट्ट झाकणाचा कडक डबा न्या. रात्री उंदीर येतात. इथल्या डिअर माउसमध्ये हंताव्हायरस आढळतो, त्यामुळे तंबूची चेन बंद ठेवा आणि उघड्यावर जमिनीवर झोपू नका.

हा नियम आम्ही इतक्या आग्रहाने का सांगतो, ते समजण्यासाठी थोडा इतिहास हवा. आयलंड फॉक्स हे मांजराहूनही लहान खोकड जगात फक्त याच द्वीपसमूहात आहे. आठपैकी सहा बेटांवर ते आहे, आणि प्रत्येक बेटाची उपजाती वेगळी. पूर्वी डीडीटी या कीटकनाशकामुळे बाल्ड ईगल हे गरुड इथून नाहीसे झाले. त्यांची जागा मोकळी झाली आणि मोकाट डुकरांच्या पिल्लांवर पोसणारे सोनेरी गरुड येऊन राहिले. त्यांनी खोकडंही उचलली. 2000 च्या सुमारास सॅन मिगेल आणि सांता रोझावर प्रत्येकी 15 खोकडं उरली होती, सांता क्रूझवर पन्नास-साठ. मग पिंजऱ्यात पैदास केली, सोनेरी गरुड पकडून मुख्य भूमीवर सोडले, डुकरं हटवली, बाल्ड ईगल परत आणले. 2004 मध्ये धोक्यातील म्हणून नोंदलेल्या या तीन उपजाती 2016 मध्ये यादीतून बाहेर आल्या. धोक्यातील प्रजातींच्या अमेरिकी कायद्याखाली कुठल्याही सस्तन प्राण्याने इतक्या लवकर उभारी घेतलेली नाही. तुम्ही टाकलेल्या वेफर्सवर जगायला शिकलेलं खोकड शिकार विसरतं आणि त्याची पिल्लंही तेच शिकतात. त्याला भूक लागलीय असं वाटलं तरी देऊ नका.

पुठ्ठ्याचे खोके का चालत नाहीत?

पुठ्ठ्याच्या घड्यांत मुंग्या, कोळी आणि त्यांची अंडी लपतात. लाकूड, माती आणि कुंडीतली झाडं याच कारणाने बंद. बुटांचे तळवे, तंबूच्या खुंट्या आणि मोज्यांना चिकटलेलं गवताचं बी घरी निघण्याआधी झाडून काढा. बेटावर पोहोचल्यावर नको, कारण तोवर बी पोहोचलेलं असतं. अनाकापावरचे काळे उंदीर काढायला 2001-02 मध्ये मोठी मोहीम करावी लागली. ते गेल्यानंतरच स्क्रिप्स मरलेट हा समुद्रपक्षी तिथे पुन्हा नीट घरटी करू लागला.

आयलंड स्क्रब-जे हा पक्षी कुठे हमखास दिसेल?

सांता क्रूझ सोडून जगात कुठेही नाही. त्यासाठी स्कॉर्पियनऐवजी प्रिझनर्स हार्बरची बोट घ्या. धक्क्यामागच्या ओढ्याकाठी, ओकच्या झाडांत सकाळी शोधा. आवाज कर्कश आणि रंग गडद निळा, त्यामुळे एकदा ओरडला की लपत नाही. पक्षी पाहायला आलेल्यांची सर्वांत नेहमीची चूक म्हणजे सोयीचं म्हणून स्कॉर्पियनचं तिकीट काढणं. तिथे तो क्वचित दिसतो.

सील आणि समुद्रसिंह किती जवळून पाहता येतात?

सील, समुद्रसिंह आणि डॉल्फिनपासून 50 यार्ड, देवमाशापासून 100 यार्ड अंतर ठेवा. प्राण्याने मान वर करून तुमच्याकडे पाहिलं तर तुम्ही आधीच जास्त जवळ गेला आहात. कळप घाबरून पाण्याकडे धावला की पिल्लं चेंगरतात. किनाऱ्यावर एकटं पिल्लू दिसलं तर ते टाकून दिलेलं नसतं, आई समुद्रात खायला गेलेली असते. हात लावू नका, पाण्यात ढकलू नका, रेंजरला सांगा.

पूर्वी कधी कयाक चालवली नाही. गुहा पाहता येतील?

मार्गदर्शकासोबत येतील. स्कॉर्पियनला अधिकृत संस्थेच्या सहली असतात. हेल्मेट, लाइफ जॅकेट आणि सूचना त्यांच्याकडूनच मिळतात.

स्वतःची कयाक नेणाऱ्यांसाठी: बोटीवर कयाकची जागा वेगळी आरक्षित करावी लागते. थंडीत पाणी 13-14 अंश सेल्सियसपर्यंत उतरतं, त्यामुळे ऊन असलं तरी वेटसूट घाला. एकटे जाऊ नका. सुरुवातीला वाऱ्याच्या विरुद्ध जा, म्हणजे दमल्यावर वारा परत आणतो. लोक नेमकं उलटं करतात आणि दुपारी अडकतात.

गुहेत शिरण्याआधी बाहेर थांबून निदान पाच-सात मिनिटं लाटा पाहा. समुद्र शांत वाटतो आणि दर काही मिनिटांनी दोन-तीन मोठ्या लाटांचा गट येतो. तो आत असताना आला तर कयाक थेट छतापर्यंत उचलली जाते, म्हणून हेल्मेट. आत जाताना मागे वल्हवत जा, तोंड समुद्राकडे राहील. एका वेळी एकच कयाक. भरती चढत असेल तर जाताना मोकळं असलेलं दार येताना बुटकं झालेलं असतं. कड्यापासून सुटलेल्या खडकांवर उतरायला पूर्ण बंदी आहे. तिथे पक्ष्यांची घरटी असतात.

सांता क्रूझच्या वायव्य किनाऱ्यावरची पेंटेड केव्ह जगातल्या मोठ्या समुद्रगुहांत गणली जाते, लांबी सुमारे पाव मैल. ती स्कॉर्पियनपासून फार दूर आहे, तिथून कयाकने जायचा विचार करू नका.

स्वतःच्या बोटीने गेलं तर परवाना लागतो का?

बेटानुसार वेगळं उत्तर आहे. सांता क्रूझचा पूर्वेकडचा 24 टक्के भाग उद्यानाचा आहे, तिथे दिवसा उतरायला परवाना नको. उरलेला 76 टक्के द नेचर कन्झर्वन्सी या संस्थेचा. तिथे किनाऱ्यावर पाय ठेवायलाही त्यांचा परवाना आधी काढावा लागतो. पश्चिम अनाकापा पेलिकनच्या घरट्यांमुळे बंद आहे, अपवाद फक्त फ्रेंचीज कोव्हचा. सॅन मिगेलबद्दल पुढे पाहा.

इंधन, बोट बांधायला तयार तरंगते बोये, दुरुस्ती यातलं काही नाही. धक्क्याला बोट बांधून ठेवता येत नाही, नांगर टाकूनच राहायचं. नेहमीच्या वायव्य वाऱ्यात स्मगलर्स कोव्हसारख्या पूर्वेच्या खाड्या सुरक्षित असतात. सांता आना वारा सुटला की गणित उलटतं. तो ईशान्येकडून येतो आणि याच खाड्यांमधल्या बोटींना किनाऱ्यावर लोटतो. शरद आणि हिवाळ्यात हवा अचानक कोरडी, उबदार आणि लख्ख स्वच्छ झाली तर अंदाजाची वाट न पाहता नांगर उचला. वाटेत मोठ्या मालवाहू जहाजांचे मार्ग ओलांडावे लागतात. धुक्यात रडार नसेल तर निघू नका. बोटीवरच्या व्हीएचएफ रेडिओचं 16 नंबरचं चॅनेल चालू ठेवा.

मासेमारी चालते?

काही भागांत. 16 वर्षं आणि त्यावरील प्रत्येकाला कॅलिफोर्नियाचा परवाना लागतो. बेटांभोवती 11 सागरी राखीव क्षेत्रं आहेत, त्यात काहीही पकडता येत नाही. याशिवाय 2 संवर्धन क्षेत्रं आहेत, तिथे मर्यादित मासेमारीला मुभा आहे. स्कॉर्पियन अँकरेज राखीव क्षेत्रात आहे, त्यामुळे धक्क्यावरून गळ टाकणं हा गुन्हा. बाहेर पकडलेले मासे घेऊन राखीव क्षेत्रातून जाता येतं, फक्त गळ-दोरी आवरून ठेवलेली हवी. शिंपले, हाडं, दगड किनाऱ्यावरूनही उचलायचे नाहीत.

सॅन मिगेलला सही करून का घेतात?

कारण ते नौदलाचं बेट आहे आणि तिथे पूर्वी बॉम्बफेकीचा सराव चालायचा. न फुटलेला दारूगोळा अजूनही वाळूतून वर येतो. म्हणून परवाना आणि जबाबदारीच्या कागदावर सही लागते आणि पायवाट सोडायची नाही. पॉइंट बेनेटची चाल जाऊन-येऊन 16 मैलांची आहे आणि ती रेंजरबरोबरच करता येते. शेवटी कड्यावरून सील आणि समुद्रसिंहांनी भरलेला किनारा दिसतो. जगात अशा मोठ्या वसाहती थोड्याच आहेत. पाणी स्वतःचं न्यायचं, वर हिशेब दिलाच आहे.

कुत्रा, सायकल, ड्रोन?

तिन्ही नाही. बोटीतच ठेवलेला कुत्राही किनाऱ्यावर उतरवता येत नाही.

फोन लागतो का? कुणी आजारी पडलं तर?

लागेलच असा भरवसा धरू नका. कुठे कड्यावर लागतो, खाडीत नाही. नेहमीची औषधं एक-दोन दिवसांची जास्त ठेवा. गंभीर प्रसंगी रेंजर रेडिओवरून मदत मागवतात, पण धुकं किंवा वादळ असेल तर ती यायला कित्येक तास लागतात. हृदयविकार असलेल्यांनी, गर्भवतींनी आणि लहान मुलं घेऊन जाणाऱ्यांनी अनाकापाची शिडी आणि सॅन मिगेलचा चढ टाळून स्कॉर्पियन निवडावं.

वाऱ्यामुळे परतीची बोट रद्द झाली तर?

तुम्ही बेटावरच राहता. असं हिवाळ्यात आणि वसंतात जास्त होतं. म्हणून मुक्कामाला जाताना एका दिवसाचं जादा अन्न, आणि पाणी नसलेल्या बेटावर एका दिवसाचं जादा पाणी ठरलेलंच. परतीच्या दिवशीच रात्रीचं विमान पकडायचा बेत नको. निघण्याच्या वेळी तंबू आवरून धक्क्यावर या आणि बोट येत नाही असं रेंजर किंवा बोटीचे लोक सांगेपर्यंत तिथेच थांबा. लोक कंटाळून पुन्हा फिरायला जातात आणि उशिरा आलेली बोट त्यांच्याशिवाय सुटते.

किनाऱ्यावर कुठेही तंबू टाकता येतो असं ऐकलं. खरं का?

फक्त सांता रोझावर, 15 ऑगस्ट ते 31 डिसेंबर या काळात, ठरावीक किनाऱ्यांवर आणि आरक्षण करूनच. उरलेल्या काळात पक्षी आणि सील यांच्या विणीमुळे बंद. हे अनुभवी कयाकवाल्यांसाठी आणि बोटवाल्यांसाठी आहे. पाणी, आडोसा, पेटी काहीच नाही, आणि भरतीची रेषा रात्री तंबूपर्यंत येऊ शकते. तंबू ओल्या वाळूच्या आणि वाहून आलेल्या केल्पच्या (मोठ्या समुद्री शेवाळाच्या) ओळीच्या वर टाका, पण वाळूच्या टेकड्यांवरची झुडपं तुडवू नका. ज्या किनाऱ्यावर सील झोपलेले असतील तो तुमच्या आरक्षणात असला तरी सोडून पुढचा शोधा.